पिवळ्या रेघेच्या आतली सात मिनिटं

एकोणीसशे नव्व्याण्णव साली पाणीपुरवठ्याच्या कचेरीत सिगरेट ओढायला बंदी झाली, आणि त्याच साली तिथल्या मीटर तपासनीसाने आयुष्यात पहिल्यांदा सिगरेट हातात धरली. वय वर्षं एक्केचाळीस. ज्या वयात माणसं डॉक्टरच्या धाकाने सोडायला लागतात, त्या वयात याने सुरुवात केली, म्हणून ते साल अजून कुणी विसरलेलं नाही.

त्याआधीची कचेरी ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल. छताचा पंखा धूर ढवळायचा आणि सगळ्यांना सारखा वाटून द्यायचा. फाइल उघडली की आतून राख पडायची. जुनी माणसं त्या राखेवरून सांगायची की ही आधी कुणाच्या टेबलावर महिनाभर पडून होती. बड्या साहेबांच्या खोलीत तर अशी दाटी असायची की आत जाऊन सही घेऊन आलेल्या माणसालाही साहेब नक्की आत होते का, हे छातीठोकपणे सांगता येत नसे. मग वरून परिपत्रक आलं. साहेबांनी त्याच दिवशी सिगरेट कायमची सोडली आणि मग महिनाभर ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जात राहिले. बाकीच्यांसाठी मागच्या अंगणात, मोडक्या पंपाशेजारी, दारापासून दहा पावलांवर जमिनीवर एक पिवळी रेघ मारली गेली. ओढायचं तर तिच्या आत. तेही अकरा वाजता सात मिनिटं आणि चार वाजता सात मिनिटं. आणि तेही पास असेल तर.

पास देण्याचं काम आस्थापना शाखेच्या मुख्य कारकुनांकडे होतं. त्यांना मागे सगळे नियमकाका म्हणत. घरी बायकोला चिठ्ठी लिहून ठेवायची वेळ आली तर वर 'विषय' आणि 'संदर्भ' घालणारा माणूस. त्यांनी पिवळी कार्डं छापून घेतली, पहारेकऱ्याला रेघेपाशी खुर्ची टाकून दिली आणि बिनपासाचा पाय आत पडला तर नाव लिहून घ्यायला सांगितलं.

झालं काय, इतकी वर्षं जो तो आपापल्या टेबलाशी एकटा फुंकत होता, तो आता रोज दोनदा चौदा माणसांत उभा राहायला लागला. दहा वर्षांत ज्यांनी एकमेकांना 'साहेब आहेत का' याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं, ते एकमेकांच्या ओंजळीतल्या काडीवर वाकायला लागले. एका काडीवर दोन डोकी वाकली की बाकीच्या बारा जणांना बोलायला विषय मिळतो. पंधरवड्यात त्या अंगणाची स्वतःची भाषा तयार झाली. धुराच्या आडोशाने चालणाऱ्या हितगुजाला 'धूरगूज' म्हणत. आपल्या खिशात काडेपेटी असताना दुसऱ्याकडे काडी मागितली, तर तो 'अर्ज'. एक संपल्यावर लगेच दुसरी पेटवली, तर 'मुदतवाढ'. समोरच्याने लक्षच दिलं नाही, तर 'ओली काडी'. आणि ज्याचं जमता जमता मोडलं, तो 'थोटूक'. वरच्या मजल्यावरची न ओढणारी मंडळी खिडकीतून हे सगळं बघायची आणि म्हणायची, "बंदी त्यांना घातली आणि शिक्षा आपल्याला झाली."

त्या खिडक्यांमधली एक खिडकी मीटर तपासनीसाची.

त्याला ठिबक म्हणत, कारण तो बोलायचा ते थेंबाथेंबाने. "हो." मग बराच वेळ काही नाही. "बघतो." मग जेवणाची सुट्टी. दिवसभर तो आपल्या प्रयोगशाळेत मीटरमधून मोजून पाणी सोडायचा आणि काट्याकडे बघत बसायचा. त्याने बरोबर म्हटलेलं मीटर बरोबर आणि खोटं म्हटलेलं खोटं. पंधरा वर्षांत कुणी त्याच्या निकालाची फेरतपासणी मागितली नव्हती आणि हा त्याचा एकुलता एक अभिमान होता. त्या वर्षी मुख्य तपासनीसाची जागा रिकामी होणार होती, आणि ती त्याचीच, हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

आता बावीस नंबर. तक्रारींच्या फोनवर बसणाऱ्या बाईंना सगळे बावीस नंबर म्हणत, कारण त्यांच्या फोनचा नंबर बावीस. सगळं शहर त्यांच्या डाव्या कानात ओरडायचं. पाणी येत नाही. येतं पण गढूळ येतं. शेजाऱ्याला येतं, मला का नाही. त्या शांतपणे "हं, लिहून घेतलं" म्हणायच्या. तक्रार मीटरची असली की फोन वर जोडायच्या.

"ठिबकराव, ऐका. एक आजोबा म्हणतायत, घर महिनाभर बंद होतं तरी काटा फिरला."

"बघतो."

"बघा."

तीन वर्षांत दोघांमध्ये झालेलं बोलणं ते एवढंच. पण त्या 'बघा'मध्ये किंचित हसू असतं की नसतं, हे ठरवण्यात ठिबकच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या होत्या. कशाचंही माप काढणाऱ्या माणसाला एवढ्याशा गोष्टीचं माप निघत नव्हतं.

बंदीनंतरच्या तिसऱ्या दिवशी त्याने खिडकीतून पाहिलं, तर बावीस नंबर पंपाच्या चबुतऱ्याला टेकून, मान मागे टाकून हसत होत्या. समोर नकाशे काढणारा काहीतरी हातवारे करून सांगत होता. ठिबकने हातातलं मीटर खाली ठेवलं आणि जिना उतरला.

"पास?" पहारेकरी म्हणाला.

"नुसता उभा राहतो."

"नुसतं उभं राहायचा पास निघालेला नाही, साहेब. ओढायचाच निघालाय."

तेव्हा ठिबकने अर्ज केला. अर्ज दोन पानी होता. रोज किती? त्याने लिहिलं, दोन. कधीपासून? इथे खाली बारीक अक्षरांत छापलं होतं की पास फक्त बंदीपूर्वी किमान पाच वर्षं ओढणाऱ्यांनाच मिळेल. नवीन माणसांना व्यसन लागू नये म्हणून नियमकाकांनी ही खबरदारी घेतली होती. ठिबक अर्धा तास पेन हातात धरून बसला. मग 'पाच' लिहिलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्याने कागदावर टाकलेला हा पहिला खोटा आकडा. शिफारस करायला दोन जुने ओढणारे लागत. नकाशावाल्याने आणि टंकलेखिकेने डोळे मिटून सह्या दिल्या.

"पण मी तुम्हाला कधी बघितलं नाही ओढताना," टंकलेखिका म्हणाली.

"प्रयोगशाळेत," ठिबक म्हणाला. हे दुसरं खोटं. एकदा गळती लागली की ती एका जागी थांबत नाही, हे पाणीखात्यातल्या माणसाला तरी माहीत असायला हवं होतं.

घरी थोरली बहीण होती. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली अक्का. तिने पहिल्याच दिवशी धुवायला टाकलेला शर्ट नाकाशी धरला आणि पंचवीस वर्षं ज्या आवाजात मुलांना वर्गाबाहेर काढलं त्या आवाजात विचारलं, "कुणाच्या नादाने?"

"कचेरीच्या."

"अख्ख्या कचेरीने तोंड धरून ओढायला लावली का तुला?"

अक्काने तो विषय जिन्यात नेला, आणि जिन्यात गेलेला विषय पुन्हा घरात येत नाही. वरच्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या काकूंनी ठिबकला थांबवून सांगितलं की ओढायचीच तर श्वास बेंबीपासून घे, वरवर घेतलास तर ठसका लागतो; गाण्याचं आणि धुराचं तंत्र एकच. शेजारचे औषधवाले, ज्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं, ते म्हणाले, "वेडा आहेस का? छातीची वाट लागेल." आणि मग अक्का आत गेल्यावर हळूच म्हणाले, "शिकायचीच असेल तर पद्धतशीर शिक. उद्या संध्याकाळी सातला ये."

संध्याकाळी सातला औषधवाले त्याला चौकातल्या बारपाशी घेऊन गेले. आत नाही, बाहेर. आतही बंदी झाली होती आणि निम्मा बार फुटपाथवर उभा होता. म्हणजे ही साथ एकट्या कचेरीत नव्हती. इथेही तीच धूरगूज, तेच अर्ज, फक्त शब्द निराळे. टाय सैल केलेल्या एका जाड्या गृहस्थाने ठिबकचा नवखेपणा ओळखला आणि कुणी न विचारता शिकवणी सुरू केली.

"हे बघा, पहिल्या झुरक्याला हवेबद्दल बोलायचं. दुसऱ्याला आपल्या साहेबाला शिव्या द्यायच्या. तिसऱ्याला नाव विचारायचं. आधी विचारलंत तर पोलीस वाटता आणि उशिरा विचारलंत तर सिगरेट संपते. कळलं? ओढा."

ठिबकने ओढली. बेंबीपासून, काकूंनी सांगितल्याप्रमाणे. त्यानंतरची पाच मिनिटं त्याला आठवत नाहीत. बघणारे सांगत की शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका रस्ता ओलांडून गेल्या, आतून वेटर पाण्याचा जग घेऊन पळत आला, आणि या सगळ्या गडबडीत औषधवाल्यांनी एका उंच बाईंकडे काडी मागितली, ती मिळाली, आणि ते हवेबद्दल बोलत असतानाच त्यांच्या सौभाग्यवती भाजी घेऊन समोरून आल्या. पुढचे काही दिवस औषधवाले दुकानातच झोपत होते आणि त्याचं खापर ठिबकवर फोडत होते.

एवढं निश्चित झालं की ठिबकला ओढता येणार नाही. तेव्हा त्याने त्याला जे येत होतं ते केलं. रविवारी घरात घड्याळ लावून एक सिगरेट पेटवून नुसती बशीच्या काठावर ठेवली आणि माप काढलं. न ओढता ती अकरा मिनिटं जळत होती. परवानगी सातच मिनिटांची. म्हणजे हातात धरून उभं राहायचं, अधूनमधून ओठांपर्यंत नेल्यासारखं करायचं, आणि सात मिनिटांनी वाळूच्या बादलीत खुपसायची. सोमवारी अकरा वाजता तो पास दाखवून रेघेच्या आत गेला.

बावीस नंबरने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही पण? मला वाटलं, तुम्ही पाण्यातले."

"हो."

"म्हणजे पाण्यातले की आमच्यातले?"

ठिबकला हवेबद्दल बोलायचं आठवलं. "हवा," तो म्हणाला, आणि पुढचं सुचेना.

"हवा आहे खरी," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. ते फोनमधल्या 'बघा'तलंच होतं. तेवढा एक प्रश्न तरी सुटला.

दुसऱ्या दिवशी त्याने लायटर विकत घेतला. तपासनीसाने घेतलेला लायटर तो. दुकानदाराकडे तीन डझन पेटवून बघून मगच घेतला. वारा असो, पाऊस असो, पहिल्या खेपेला पेटायचा. तीच त्याची दुसरी चूक झाली. चौदाच्या चौदा माणसं काडेपेट्या विसरली आणि ठिबकभोवती उभी राहायला लागली. नकाशावाला टंकलेखिकेला म्हणायचा, "चल, ठिबकरावांकडे जाऊ," आणि दोघं त्याच्या हातावर एकदमच वाकायची, आणि ठिबक मधे दिव्याच्या खांबासारखा उभा. नकाशावाल्याचा डोळा टंकलेखिकेवर होता, बावीस नंबरवर नव्हताच, हे कळून त्याला समाधान वाटलं. पण सात मिनिटांतली तीन जगाच्या सिगरेटी पेटवण्यातच जात. अंगणात म्हणू लागले, हल्ली सगळे अर्ज योग्य मार्गाने जातात.

उरलेल्या चार मिनिटांत बावीस नंबर बोलायच्या. आणि काय बोलायच्या. दिवसभरात साठलेलं सगळं. एक बाई फोन करून नवऱ्याशी भांडते आणि मधे आपल्याला साक्षीला घेते. एक गृहस्थ रोज सव्वानऊला फोन करतात, त्यांच्या नळाला पाणी असतं, मीटर ठीक असतं, तक्रार काहीच नसते, तरी "बाई, लिहून घ्या" म्हणतात, आणि आपण काहीतरी लिहून घेतो. परवा दोन दिवस त्यांचा फोन आला नाही तर आपल्याला चैन पडेना. हे सांगताना त्यांची सिगरेट नुसती जळायची आणि ठिबकची तर जळायचीच. तो "मग?" म्हणायचा. कधी "खरंय". तिसऱ्या झुरक्याला नाव विचारायचं होतं. पण पहिलाच झुरका घ्यायचा नसल्यामुळे तिसरा कधी येत नव्हता. असे चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांइतका आनंदात ठिबक आधी कधी नव्हता.

मग तपासणी आली. पासवाल्यांच्या प्रकृतीची काळजी म्हणून खात्याच्या डॉक्टरने एक यंत्र आणलं. नळीत फुंकायचं, काटा किती वर जातो त्यावरून छातीत किती धूर आहे ते कळतं. नकाशावाल्याने फुंकलं, काटा उडाला. टंकलेखिकेने फुंकलं, काटा उडाला. ठिबकने फुंकलं. काटा जागेवरून हलला नाही.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले.

पुन्हा शून्य.

"यंत्र तपासलंय?" ठिबकने विचारलं.

"मागच्या महिन्यात."

"कुणी?"

"कारखान्याने. दाखला आहे."

ठिबकने दाखला वाचला. दाखला बरोबर होता. जन्मभर त्याने काट्याचं ऐकलं होतं. आता काट्याला खोटं म्हणण्याचं तोंड त्याला नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि त्याच दुपारी कारणे दाखवा नोटीस त्याच्या टेबलावर येऊन पडली. 'आपण धूम्रपान करीत असल्याचे असत्य निवेदन करून, केवळ धूम्रपान करणाऱ्यांसाठी असलेली सवलत चार महिने उपभोगली, त्याबद्दल आपल्याविरुद्ध कारवाई का करू नये.' अख्ख्या खात्याच्या इतिहासात सिगरेट न ओढल्याबद्दल कुणाला नोटीस मिळाली नव्हती. मुख्य तपासनीसाच्या जागेचा कागद नियमकाकांनी कपाटातून काढून परत कपाटात ठेवला.

चौकशी समिती तिघांची. बडे साहेब, नियमकाका आणि डॉक्टर.

"ओढत नाही, तर रोज चौदा मिनिटं तिथे करत काय होता?" साहेबांनी विचारलं.

उत्तर दोनच शब्दांचं होतं. पण ते चौकशीच्या कागदावर गेलं असतं. कागद फाइलीत, फाइल शिपायाच्या हातात, आणि तिथून बत्तीस टेबलांवर. संध्याकाळपर्यंत बावीस नंबरच्या बाईंचं नाव रस्त्यावरच्या पानवाल्यालाही पाठ झालं असतं. त्यांना काय वाटेल, मुळात काही वाटतं का, हेच अजून माहीत नव्हतं. जागा गेली तर जाईल. नाव जाता कामा नये.

"ओढतो," तो म्हणाला.

"मग दाखवा ओढून."

ठिबकने खिशातून पाकीट काढलं. नियमकाका उभे राहिले. "इथे नाही. इमारतीत बंदी आहे."

म्हणून समिती अंगणात निघाली. रेघेपाशी पहारेकऱ्याने साहेबांपुढे हात आडवा केला. "पास?" साहेब लाल झाले, पण नियमकाकांनी पहारेकऱ्याची बाजू घेतली, कारण नियम त्यांचाच होता. समितीला पास काढावे लागणार होते. डॉक्टर म्हणाले, मी पाच वर्षं ओढतो असं लिहून देणार नाही, माझा दवाखाना आहे. शेवटी नियमकाकांनी रात्र खर्ची घालून 'निरीक्षक' असा नवा पास तयार केला, त्यावर साहेबांची सही घेतली, आणि कार्डं छापून यायला तीन दिवस लागले.

त्या तीन दिवसांत अख्ख्या कचेरीने ठिबकला शिकवलं. कुणी म्हणालं तोंडातच ठेव, कुणी म्हणालं नाकातून सोड, वसुलीवाल्याने आदल्या रात्री मध खा म्हणून सांगितलं. बावीस नंबर तेवढ्या काही म्हणाल्या नाहीत. अंगणात आल्या की गप्प उभ्या राहायच्या, आणि ते ठिबकला नोटिशीपेक्षा जास्त लागलं. घरी अक्काने नोटीस वाचली, लाल पेनने तिच्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाली, "तू ओढत नाहीस. मला वाटलंच होतं. कोण आहे ती?"

"बावीस."

"अरे देवा. आणि तू एक्केचाळीस."

"वय नव्हे. नंबर."

"मग वय?"

"चव्वेचाळीस."

अक्काने लाल पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "तुझ्यापेक्षा मोठी असलेली बरी. निदान मोठ्यांचं ऐकायची सवय आहे तुला."

चौथ्या दिवशी अकरा वाजता समिती रेघेच्या आत उभी राहिली. तिन्ही मजल्यांच्या खिडक्या भरल्या होत्या. नियमकाकांच्या हातात घड्याळ आणि कागद. ठिबकने लायटर काढला, तो पहिल्या खेपेला पेटला. त्याने श्वास घेतला, अंगणाकडे एकदा बघितलं, आणि ओढली.

पुढचं दृश्य वर्णन करून कुणाची विटंबना करू नये. डोळ्यांतून, नाकातून, जिथून म्हणून पाणी येऊ शकतं तिथून आलं. तो वाकला, पंपाला धरून उभा राहिला, आणि खोकल्याच्या फटीतून म्हणाला, "ओढ... तो." मग पुन्हा ओढली. साहेब डोळे मिटून वाऱ्याच्या दिशेने हळूहळू त्याच्या जवळ सरकत होते. डॉक्टर म्हणाले, "थांबवा हे," आणि नियमकाका म्हणाले, "सिगरेट अजून अर्धी आहे."

तेव्हा बावीस नंबर चबुतऱ्यावरून उठल्या, चालत आल्या, आणि ठिबकच्या बोटांमधून सिगरेट काढून वाळूत खुपसली.

"लिहून घ्या," त्या नियमकाकांना म्हणाल्या. "हे ओढत नाहीत. मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. सगळ्यांची थोटकं बोटाच्या पेराएवढी असतात, यांचं निम्मं शिल्लक असतं. बादलीत बघा हवं तर."

"मग तुम्ही कळवलं का नाही?"

"काय म्हणून कळवायचं? दिवसभर मी दीडशे माणसांचं ऐकते. माझं ऐकणारं एक माणूस मिळालं होतं, तेही रोज सात-सात मिनिटं. त्याची तक्रार मी करू?"

नियमकाकांचं पेन थांबलं. "ते सगळं ठीक आहे, बाई. पण हे इथे कशासाठी येत होते तो रकाना कोराच आहे. त्यात काय भरू?"

"ते त्यांना विचारा. मलाही ऐकायचंय." आणि ठिबककडे वळून त्या म्हणाल्या, "माझ्या नावाची काळजी करू नका. लपवलंत तेवढं पुरे झालं. कागदावर असलेलं बरं."

ठिबकने रुमालाने तोंड पुसलं.

"बाईंसाठी," तो म्हणाला.

सगळे थांबले. त्याच्याकडे बोलणं थेंबाथेंबाने येतं हे माहीत असल्यामुळे कुणी घाई केली नाही.

"पहिल्या दिवसापासून." मग बऱ्याच वेळाने, "त्याच्याही आधीपासून. फोनवर." आणि साहेब आता निघावं म्हणून घड्याळाकडे बघत असताना, "यांची ना नसेल तर पुढेही."

बावीस नंबरची ना नव्हती. त्यांनी ते तोंडाने सांगितलं नाही. फक्त नियमकाकांच्या कागदात डोकावून, उत्तर नीट उतरलंय ना ते बघितलं.

निकाल आठ दिवसांनी लागला. खोटं निवेदन केल्याबद्दल मुख्य तपासनीसाची जागा एक वर्ष रोखली. ठिबकने तो कागद वाचला आणि खाली सही करताना म्हणाला, "बरोबर आहे." अंगणात यायचं काय, हा प्रश्न उरला, तो साहेबांनी सोडवला. न ओढणाऱ्यांना आत सोडायचे निरीक्षक पास छापलेलेच होते. शंभराच्या गठ्ठ्यातले सत्त्याण्णव पडून होते. एक ठिबकला दिला. पंधरा दिवसांत बाकीचे शहाण्णवही संपले.

त्यानंतर कुणाचं काय झालं ते सांगायला हवं. नकाशावाल्याचं आणि टंकलेखिकेचं लग्न झालं आणि दोघांनीही सिगरेट सोडली. घरी बसून बोलता येत असताना अंगणात कशाला जायचं, असं ती म्हणे. साहेबांनी चौकशीच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू केली आणि निवृत्तीपर्यंत रेघेच्या आत सगळ्यांच्या बरोबरीने उभे राहिले. त्या काळात त्यांचा राग पार गेला. नियमकाका वारले. शेवटच्या आजारपणात त्यांनी डॉक्टरांना औषधाच्या चिठ्ठीवर तारीख घालायला लावली होती असं म्हणतात, आणि ते खरंच असेल. औषधवाल्यांना घरात घेतलं गेलं. पण चौकातून जाताना ते अजून रस्त्याच्या पलीकडून जातात. गाणंवाल्या काकू मुलाकडे राहायला गेल्या. अक्का भावाच्या लग्नाला तयार झाली ती एका अटीवर, की भावजयीने सिगरेट गॅलरीत ओढावी. पुढे पुढे दोघी गॅलरीत बसायला लागल्या, एक ओढायची आणि एक व्याकरण सुधारायची. अक्का जाऊन आता सहा वर्षं झाली.

बावीस नंबरनी पन्नाशीला सिगरेट सोडली, कुणाच्या सांगण्याने नाही, जिना चढताना दम लागला म्हणून. इतक्या वर्षांच्या फोनने त्यांचा डावा कान गेला आणि सत्तरीला येईपर्यंत उजवाही मंदावला. त्यामुळे आता घरात बोलावं लागतं ते ठिबकला. बाजारात काय झालं, कोण भेटलं, पेपरात काय आलं, सगळं, मोठ्याने, आणि ऐकू आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी त्या घराखालच्या रस्त्याने गेलं की त्यांच्या गॅलरीतून आवाज येत असतो, आणि तो एकट्या त्याचाच असतो.